गोरिलाला साहेबांचा फोन

"यात लिहायचं काय आहे?" टुकार सिनेमावरची आपली टवाळी रेकॉर्ड करायची असं ठरलं, तेव्हाचा हा दादाचा पहिला प्रश्न. "सिनेमा लावायचा, माईक चालू करायचा आणि आपण एरवी जे बोलतो ते बोलायचं."

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. लहानपणी टीव्हीवर एखादा टुकार विज्ञानपट लागला की त्याच्या शेजारची जागा पकडण्यासाठी आम्हा भावंडांत मारामारी व्हायची, कारण पडद्यावरच्यापेक्षा जास्त करमणूक त्याच्या तोंडून व्हायची. त्यामुळे त्याचं म्हणणं मला लगेच पटलं. तिसरा गडी माझा कॉलेजातला मित्र. त्याला ध्वनिमुद्रणातलं कळतं आणि तो आम्हा दोघांपेक्षा बराच कमी बोलतो. पुढे या दोन्ही गुणांचा उपयोग झाला.

एका शनिवारी तिघं बसलो, सिनेमा लावला आणि अकराव्या मिनिटाला मित्राने तो बंद केला. ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. त्यात तीन माणसं एकाच वेळी बोलतात, मग तिघंही एकदम गप्प होतात, मग "नाही, तू बोल", "नाही, तू बोल ना" असं चालतं. दादा स्वतःच्या विनोदावर इतका हसतो की विनोद काय होता ते कळतच नाही. आमच्या सोफ्यावर कोणी चौथा बसला असता तर त्याला मजा आली असती. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकताना मात्र ते शेजारच्या घरातल्या पार्टीसारखं वाटलं. मजा चालली आहे, आपल्याला बोलावलेलं नाही.

खरं तर हे आधीच ठाऊक असायला हवं होतं. १९८८ साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसनने 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू केलं. पडद्याच्या तळाशी थिएटरच्या खुर्च्यांची काळी सावली, त्यात एक माणूस आणि दोन यंत्रमानव बाहुल्या, समोर रद्दी सिनेमा आणि त्यावर अखंड टवाळी. त्या पहिल्या स्थानिक हंगामात बरंचसं आयत्या वेळचं होतं. पुढे कार्यक्रम मोठ्या वाहिनीवर गेला तसं ते सगळं लिहून काढू लागले, सिनेमा पुन्हापुन्हा बघून ओळ न् ओळ बसवू लागले. ऐकताना मात्र वाटतं, आत्ता या क्षणी सुचलं. हे मी दादाला सांगितलंही होतं. पण दादाला सांगून पटत नाही, ऐकवून पटतं. अकरा मिनिटं त्यासाठी खर्ची पडली.

दुसरी गोष्ट आम्ही 'रिफट्रॅक्स'कडून उचलली. त्याच कार्यक्रमातल्या माइक नेल्सनने २००६ साली हे सुरू केलं. सिनेमा दुसऱ्याचा, हक्क दुसऱ्याचे, म्हणून आपण सिनेमाला हातच लावायचा नाही, फक्त आपल्या आवाजाची फाइल द्यायची. प्रेक्षकाने आपल्याकडची सिनेमाची प्रत लावायची, त्याच क्षणी आपली फाइल चालू करायची आणि दोन्ही एकत्र ऐकायचं. डोकेबाज सोय आहे. तिची किंमत काय, ते मात्र कामाला लागल्यावर कळलं. सिनेमाचा आवाज आणि आपला आवाज वेगवेगळ्या यंत्रांतून येणार, म्हणजे आपण बोलताना सिनेमाचा आवाज खाली करता येणार नाही. पात्र बोलत असताना बोललात तर दोघंही वाया. जे काही म्हणायचं ते पात्रांच्या दोन वाक्यांमधल्या जागेत.

या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं यावर एक अख्खी बैठक गेली. दादाला 'टीका' हवं होतं. ग्रंथावरची टीका म्हणजे ओळीओळीने उलगडून सांगणं आणि माणसावरची टीका म्हणजे त्याची सालं काढणं, आपण दोन्ही करतोय, असा त्याचा युक्तिवाद. पण गोरिलाच्या सिनेमाला तो शब्द फार भारदस्त झाला. शेवटी फाइलच्या नावात 'टवाळी' आलं आणि एकेका विनोदाला आम्ही 'शेरा' म्हणू लागलो. शेरा चपखल बसला. वही तपासणारा समासात लिहितो तो शेरा. समास जेवढा, तेवढाच.

गोरिलाकडे येते, पण आधी सिनेमा कसा ठरला ते थोडक्यात. सगळे वाईट सिनेमे टवाळीला चालत नाहीत. नुसता कंटाळवाणा असेल तर शेरेही कंटाळवाणे होतात. मुद्दाम वाईट केलेला, आपल्याकडे डोळा मारणारा सिनेमा तर अजिबात चालत नाही. तो स्वतःच स्वतःवर हसत असतो, मग आपण काय करायचं? हवा असतो मनापासून केलेला, पोटतिडकीने फसलेला सिनेमा. आम्ही आधी 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' घेतला होता. त्यातल्या उडत्या तबकड्या म्हणजे जेवणाच्या ताटल्या आहेत असं सर्रास म्हणतात, आणि दादाने ताटल्यांवर सात शेरे लिहिलेही होते. मग मित्राने शोधून सांगितलं की त्या दुकानात मिळणाऱ्या, जोडून करायच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या तबकड्या होत्या. सातही शेरे गेले. बेला लुगोसी हा नट १९५६ साली वारला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस झग्याने तोंड झाकून सगळ्या सिनेमाभर फिरवलाय. त्यावर लिहायला बसलो तर हात उचलेना. आणि मुख्य म्हणजे त्या सिनेमात सगळे सतत बोलतात. समासच नाही.

मग आला 'रोबॉट मॉन्स्टर'. साल १९५३, दिग्दर्शक फिल टकर, लांबी सुमारे ६६ मिनिटं, शूटिंग चार दिवसांत उरकलेलं. रो-मॅन नावाच्या परग्रहवासीयाने पृथ्वीवरची माणसं मारून टाकली आहेत, आठ उरली आहेत, ती त्याला सापडत नाहीत. आता हा रो-मॅन दिसायला कसा? मानेपर्यंत गोरिला आणि वर पाणबुड्याचं शिरस्त्राण, त्यावर अँटेना. यंत्रमानवाचा पोशाख करायला पैसे नव्हते आणि जॉर्ज बॅरोज या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. जमेल ते जमवलं. रो-मॅनचं मुख्यालय म्हणजे एका गुहेचं तोंड, तिथे टेबल, टेबलावर यंत्र आणि त्याच्याजवळ हवेत तरंगणारे साबणाचे फुगे. फुगे का, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही, पण श्रेयनामावलीत त्या फुग्यांच्या यंत्राचं नाव मानाने झळकतं. मध्येच १९४०च्या एका जुन्या सिनेमातून उसने घेतलेले सरडे डायनोसॉर म्हणून झुंजतात. आणि या सगळ्याला संगीत एल्मर बर्नस्टाइनचं, जो पुढे 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन'चा संगीतकार म्हणून नावाजला. त्या काळात राजकीय संशयामुळे त्याला मोठी कामं मिळत नव्हती. संगीत खरोखर चांगलं आहे, इतकं की काही ठिकाणी आम्ही गप्प बसायचं ठरवलं. गोरिला टेकडी उतरतोय आणि मागे वाद्यवृंद जीव ओतून वाजवतोय, यात आपण काय भर घालणार?

जागा भरपूर होत्या, कारण रो-मॅन खूप चालतो. टेकडी चढतो, टेकडी उतरतो. लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमधली ती टेकडी मला आता पाठ आहे.

सिनेमा मी चौदा वेळा पाहिला. पहिल्या तीन वेळा हसत, पुढे वहीत वेळा टिपत. आमचा तक्ता साधा होता: मिनिट आणि सेकंद, पडद्यावर काय, जागा किती सेकंदांची, शेरा, कोणी म्हणायचा. यातला 'जागा किती' हा रकाना आधी नव्हता. तो आल्यावर काम सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. माझ्या बोलण्याच्या वेगात दोन सेकंदांत बारा अक्षरं बसतात, दादाची दहा, कारण तो शब्द चावून बोलतो. मित्र भराभर बोलतो, पण त्याचं शेवटचं अक्षर गिळलं जातं. म्हणून मोक्याचा शब्द शेवटी असेल तर ते वाक्य त्याला द्यायचं नाही. आणि मराठीत मोक्याचा शब्द बहुतेक वेळा शेवटीच येतो.

एक शेरा घडताना कसा दिसतो ते सांगते. गोरिला टेकडी चढतोय, पाय घसरत चढतोय. पहिल्या खर्ड्यात माझं वाक्य होतं, "आख्खी पृथ्वी बेचिराख करणाऱ्या या महाशयांना साधी टेकडी चढताना धाप लागते आहे." चौतीस अक्षरं. जागा दोन सेकंदांची. मग 'महाशयांना' गेलं, कारण तिथे हसू येत नाही, नुसता टोमण्याचा वास येतो. 'बेचिराख' गेलं, कारण ते पुस्तकी. "पृथ्वी जिंकली, पण टेकडी जिंकता येईना" झालं, तरी 'जिंकता येईना' लोळतंच होतं. संध्याकाळी कधीतरी दुसरंच काही करताना आलं: "पृथ्वी संपवली, टेकडी संपेना." बारा अक्षरं. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं आणि माझी मलाच शाबासकी दिली. पुढच्या बैठकीत मित्र म्हणाला, "पण आत खरा माणूस चढतोय गं, एवढं धूड अंगावर घेऊन." त्यावर बराच वेळ गेला. शेवटी ठरलं की पृथ्वी रो-मॅनने संपवली आहे, बॅरोजने नाही, तेव्हा शेरा रो-मॅनला लागतो. तो राहिला. त्या निमित्ताने नटांच्या दिसण्यावरचे मात्र सगळे शेरे काढले. ते तसेही सोपे होते.

दादाची अडचण वेगळी होती. तो इंजिनिअर आहे आणि त्याचे पहिल्या खर्ड्यातले निम्मे शेरे हे शेरे नव्हतेच, चुका काढणं होतं. "शिरस्त्राण बंद आहे तर हा श्वास कशाने घेतो?" "किरणांनी अडीचशे कोटी माणसं मेली तर इमारती कशा पडल्या?" सगळं बरोबर आणि एकालाही हसू नाही. बरोबर असणं आणि विनोदी असणं यांत मोठं अंतर आहे आणि विज्ञानपटांची टवाळी करणारे बरेच जण त्या दरीत पडतात. सिनेमा चुकला हे प्रेक्षकाला दिसतंच आहे. त्याला ते पुन्हा का सांगायचं?

पण एक चूक कामी आली. रो-मॅनचा वरिष्ठ त्याच्या ग्रहावर बसून पडद्यावरून त्याला झापतो. हा वरिष्ठ दिसायला हुबेहूब रो-मॅन, तोच पोशाख. (त्यावर मित्राचा एकमेव पण झकास शेरा: "साहेब आणि शिपाई एकाच शिंप्याकडचे.") दादा म्हणाला, प्रकाशाला चंद्रावरून यायला सव्वा सेकंद लागतो, मंगळ जवळात जवळ असतानाही तीन मिनिटं. मग दुसऱ्या ग्रहावरून साहेबांचं उत्तर ताबडतोब कसं येतं? हा शेरा जसाच्या तसा म्हटला असता तर तीन सेकंदांच्या जागेत प्रकाशवेगाचा धडा झाला असता. तो दोन दिवस तसाच पडून होता. मग दादानेच उलटा केला: "साहेबांना फोन लगेच लागला. म्हणजे हा नक्की परग्रह आहे."

त्यातून आम्हाला आमचं पालुपद मिळालं, साहेबांचा फोन. पालुपदाचं गणित असं की पहिल्यांदा तो साधा विनोद असतो, दुसऱ्यांदा ऐकणारा म्हणतो "हं, परत?", आणि तिसऱ्यांदा तो आपल्या आधी हसतो. तिसऱ्या वेळेपर्यंत पोचण्याआधी घाई केली की संपलं. आमची तिसरी वेळ गुहेत होती. रो-मॅन नायिकेच्या प्रेमात पडलाय, तिला उचलून आणलंय, आणि नेमका तेव्हा वरिष्ठांचा संपर्क येतो. तिथे दादा फक्त एक शब्द म्हणतो, हताश आवाजात: "साहेब."

वाचनाच्या बैठकींत ४१२ शेऱ्यांचे २३१ उरले. ज्या शेऱ्यावर तिघांपैकी एकाचाही चेहरा हलला नाही तो बाद. ज्याच्यावर फक्त लिहिणारा हसला तोही बाद. माझे सर्वांत जास्त गेले, कारण मी सर्वांत जास्त लिहिले होते, असं मी म्हणते.

एक पोटकथा इथेच सांगून टाकते, पुढे लागणार आहे. दादा गातो, त्याचे कान तिखट. पहिल्यांदा सिनेमा बघतानाच तो म्हणाला, "अगं, एवढा मोठा देह आणि आवाज किती बारीक!" रो-मॅनच्या अंगात बॅरोज असला तरी आवाज जॉन ब्राउन या नटाचा आहे. तोंड दिसत नाही, म्हणून बोलताना गोरिला सतत हातवारे करतो, नाहीतर कोण बोलतंय ते कळणार नाही. मला आवाजात काही वावगं वाटलं नव्हतं, पण दादाने म्हटल्यावर वाटू लागलं. त्या बारीक आवाजावर आम्ही तीन शेरे घातले. चांगले होते तिन्ही.

रेकॉर्डिंगचा दिवस मी उगाच भयाण कल्पिला होता. खरा त्रास एकाच अक्षराने दिला: भ. 'भयंकर', 'भानगड', 'भलतंच', 'भाऊ'. वाईट सिनेमावर बोलताना मराठी माणूस किती वेळा 'भ'ने सुरुवात करतो याचा अंदाज मला त्या दिवशी आला. प्रत्येक 'भ'ला तोंडातून हवेचा झोत निघतो, तो माईकच्या पडद्यावर आदळतो आणि हेडफोनमध्ये धप्प असा आवाज येतो. 'फ'ही तसाच, पण 'फ'ने सुरू होणारे आमचे शब्द थोडे. जाळी आडवी लावून थोडं भागलं. मग मित्राने माईक तोंडासमोरून काढून गालाच्या बाजूला तिरका धरला आणि म्हणाला, "सरळ समोर बोल, माईककडे बघूच नकोस." धप्प गेलं. तिघांच्या मागे गोधड्या टांगल्या होत्या, खोलीचा घुमारा मारायला. सिनेमा फक्त हेडफोनमध्ये, तोही बेताच्या आवाजात, नाहीतर कानातून गळून तो माईकमध्ये शिरतो आणि मग आपल्या फाइलमध्ये दुसऱ्याचा सिनेमा ऐकू येतो. जे टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच.

हसण्याचा नियम मित्राने घालून दिला: स्वतःच्या शेऱ्यावर हसायचं नाही, दुसऱ्याच्या शेऱ्यावर हसू आलं तरच हसायचं, आणि आलं नाही तर अजिबात आणायचं नाही. आणलेलं हसू माईकला लगेच कळतं. मी एकदा आणलं होतं, दादाला बरं वाटावं म्हणून. संकलनात ते इतकं उघडं पडलं की मी ते ऐकताना खुर्चीत अवघडले. गंमत म्हणजे अठराव्या वाचनानंतरही एका ठिकाणी खरं हसू आलंच. दादाने "साहेब" हा शब्द लिहिल्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा म्हटला. त्या अर्ध्या सेकंदात मी मान खाली घातली आणि माझं नाक माईकवर आपटलं. तो आवाज फाइलमध्ये ठेवलाय. एकतिसाव्या मिनिटाला दादाची खुर्ची करकरते, तीही ठेवली. नेमका तेव्हा पडद्यावर गोरिला गुडघा वाकवतो. आम्ही हे जमवून आणलंय असं समजायला कोणाची हरकत नाही.

संकलनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. श्वास कापणे, घसा खाकरणे कापणे, शेरे पाव सेकंद मागे-पुढे सरकवणे. पाव सेकंदाने विनोद मरतो आणि पाव सेकंदाने जगतो, हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं. फाइलच्या सुरुवातीला सूचना टाकली: सिनेमाचं नाव पडद्यावर उमटलं की आम्ही "आता" म्हणू, तेव्हा दोन्ही जुळवून घ्या. शिवाय दर दहा मिनिटांनी आमच्यापैकी एक जण पात्राच्या बरोबरीने त्याचंच एक वाक्य म्हणतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ताळा करता यावा. ही युक्तीही रिफट्रॅक्सचीच. त्यांच्याकडे त्यासाठी एक यांत्रिक आवाज असायचा, आमच्याकडे मित्र होता.

मग फाइल पहिल्या परक्या कानाला दिली, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला. सिनेमाची प्रत त्याने स्वतः मिळवली. सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा हसत होता.

"कसलं भारी सुचलंय तुम्हाला," तो म्हणाला. "सगळं आधीच सांगता आणि मग ते होतं!"

मला वाटलं स्तुती आहे. मग त्याने उदाहरणं दिली. नायिकेचे वडील गंभीर चेहऱ्याने काहीतरी समजावत असतात आणि मी म्हणते, "अंगावर इतके केस, उकडत नाही का?" सगळं शांत असताना दादा हताशपणे म्हणतो, "साहेब." काहीच होत नाही. सिनेमा पुढे चालू राहतो. आणि प्रेक्षक ते विसरलेला असताना, तब्बल दोन मिनिटांनी, खरंच साहेबांचा फोन येतो. "मी खुर्चीतून पडलो," तो म्हणाला.

मी त्याला तिथल्या तिथे विचारलं, "तुझी प्रत किती मिनिटांची?"

"सहासष्ट."

आमची ६३ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. आम्ही आपलं धरून चाललो होतो की कुठेतरी काहीतरी कापलेलं असेल.

कापलेलं काहीच नव्हतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित होतो. काही देशांत टीव्हीची व्यवस्था सेकंदाला २५ चौकटींची होती, तर तिथल्या टेपा आणि डिस्क काढताना सिनेमा सरळ २५च्या वेगाने पळवत. डोळ्याला फरक कळत नाही. पण ६६ मिनिटांचा सिनेमा साडेत्रेसष्टच्या आत संपतो, आणि सगळ्यांचे आवाज चढतात, सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या जवळजवळ पाऊण हिस्सा. म्हणजे दादाचे कान बरोबर होते. गोरिलाचा आवाज बारीक नव्हताच, आमची प्रत पळत होती. त्या तीन चांगल्या शेऱ्यांचं काय करायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. ताटल्यांवरून मी दादाची किती चेष्टा केली होती ते मात्र आठवलं.

सहकाऱ्याच्या घरी काय झालं असेल ते मी कागदावर मांडलं. दर मिनिटाला आम्ही अडीच सेकंद पुढे सरकत होतो. पंधराव्या मिनिटाला साडेसदतीस सेकंद आधी. पन्नासाव्या मिनिटाला दोन मिनिटं पाच सेकंद आधी.

"अरे, मग दर दहा मिनिटांनी ताळा दिला होता ना आम्ही?"

"ते पात्राचं वाक्य आधीच म्हणणं? मला वाटलं तोही विनोदच आहे. तोच तर बेस्ट होता."

मग माझ्या लक्षात आलं की आमची फाइल संपल्यावर त्याच्याकडे सिनेमाची अडीच मिनिटं उरली असणार. आणि त्या अडीच मिनिटांत आमचा सर्वांत मेहनतीचा तुकडा होता. सिनेमाच्या शेवटी कळतं की सगळं लहान मुलाला पडलेलं स्वप्न होतं, आणि मग रो-मॅन गुहेतून हात पसरून आपल्याकडे चालत येतो. तेच दृश्य पुन्हा. आणि पुन्हा. तीनदा. पहिल्यांदा आम्ही गप्प. दुसऱ्यांदा मी: "काही विसरला वाटतं." तिसऱ्यांदा दादा: "साहेबांचा फोन." यावर दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

"शेवट कसा वाटला?" मी जपून विचारलं.

"शेवट? अगं, तुम्ही 'चला, भेटू' म्हणून निघून गेलात आणि सिनेमा चालूच! मी एकटा. आणि तो गोरिला येतोय, परत येतोय, परत येतोय, आणि कोणी काही बोलतच नाही. इतका मी सगळ्या सिनेमात हसलो नव्हतो."

फाइल दुरुस्त करायला दोन रात्री लागल्या. नुसती ताणली असती तर आमचे आवाज बिघडले असते, म्हणून मित्राने २३१ तुकडे सुटे करून एकेकाची वेळ पंचवीस भागिले चोवीसने गुणून पुन्हा मांडली. जागा आता चार टक्क्यांनी मोठ्या झाल्या. दोन सेकंदांत माझी साडेबारा अक्षरं बसतात. त्या वाढीव अर्ध्या अक्षराचं काय करावं यावर दादाचा विचार चालू आहे. बारीक आवाजावरचे तीन शेरे गेले.

नवी फाइल सहकाऱ्याला दिली. त्याने दहा मिनिटं ऐकली आणि परत जुनीच लावली.

"यात तुम्ही नुसतं बघून बोलता," तो म्हणाला. "आधीच्यात तुम्हाला माहीत होतं."

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग पुढचा सिनेमा मुद्दाम अर्धा मिनिट आधीच करू. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही. मित्राने दोन्ही फाइली ठेवल्या आहेत. चुकलेल्या फाइलचं नाव त्याने 'भविष्य' ठेवलंय.